ड्रायर नको, पण हॉलमधल्या दोऱ्याही नकोत

पत्र थोडक्यात: ठाणे जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंनी लिहिलंय. तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके फ्लॅट. घरात त्या, नवरा, दहा महिन्यांचं बाळ आणि सासू-सासरे. जून ते सप्टेंबर रोजचे कपडे हॉलमध्ये दोऱ्या बांधून वाळवावे लागतात. पावसाची दमट हवा आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद, आणि हॉल-बेडरूमचे दोन्ही पंखे रात्रभर फुल स्पीडवर. तरी टॉवेल आणि जीन्स दोन-दोन दिवस ओलसर राहतात, कुबट वास येतो आणि तेच कपडे पुन्हा धुवावे लागतात. स्वयंपाकघराला लागून छोटी ड्राय बाल्कनी आहे, पण पश्चिमेची झड येते म्हणून तिथे फक्त मशीन ठेवलंय. ग्रिलबाहेर कपडे घालायला सोसायटीची मनाई आहे. कपाटामागच्या भिंतीवर काळे डाग आलेत. नवरा म्हणतो ड्रायर घेऊ. ताईंचं म्हणणं, बिल आधीच महिन्याला ३०० युनिटच्या आसपास असतं, ड्रायर आला की टप्पा ओलांडणार आणि सगळंच बिल महाग होणार. "माझ्या आईने आम्हा चौघांचे कपडे ड्रायरशिवाय वाळवले, मग मलाच का जमू नये? मी उगाच हट्ट करतेय का?" पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय की सासूबाईंना दमा आहे आणि त्या हॉलमध्येच झोपतात.

ताई,

वीज वाचवायची तुमची इच्छा अगदी रास्त आहे आणि ती मला हट्ट वाटत नाही. पण तुम्ही ज्या वाक्यावर पत्र संपवलंत, मी तिथूनच सुरुवात करणार आहे. दम्याचा त्रास असलेलं माणूस रात्रभर ओल्या कपड्यांखाली, बंद खिडक्यांच्या खोलीत झोपतंय आणि त्याच घरात भिंतीला बुरशी धरलीय. बुरशीमुळे दमा उसळतो. तेव्हा ड्रायर घ्यायचा की नाही हे आपण सावकाश ठरवू. हॉलमधल्या दोऱ्या मात्र आजच सोडा. बाळही त्याच घरात रांगतंय, त्यामुळे याला उशीर नको.

आता खिडक्यांचं बघू. पावसाळ्यात बाहेरची हवा दमट, म्हणून ती आत घ्यायची नाही, असं जवळजवळ प्रत्येक घरात मानतात. ऐकायला पटतंही. पण हिशोब करून पाहा. पाच किलो कोरडे कपडे धुऊन मशीनमधून पिळून निघाले की त्यांत साधारण ३ लिटर पाणी उरलेलं असतं. ते सगळं हवेतच जायचंय. २८ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. जुलैत आपल्याकडे आर्द्रता ८५ टक्के धरली तर त्यातली २३ ग्रॅम जागा आधीच भरलेली असते, उरते फक्त ४ ग्रॅम. दहा बाय बाराच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. म्हणजे खिडक्या घट्ट लावल्या तर त्या खोलीतली सगळी हवा मिळून जेमतेम अर्धा पेला पाणी घेईल आणि मग थांबेल. तुमच्या कपड्यांत आहे ३ लिटर! हे पाणी बाहेर घालवायचं तर खोलीतली हवा वीसहून जास्त वेळा बदलायला हवी. पंखा हवा फक्त फिरवतो, बदलत नाही. रात्रभर तीच ओली हवा कपड्यांवरून, कपाटामागून आणि सासूबाईंच्या छातीतून फिरत राहते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पावसाळ्यात कपडे उष्णतेने कमी आणि जाणाऱ्या-येणाऱ्या हवेने जास्त वाळतात. बाहेरची हवा दमट असली तरी तिच्यात ४ ग्रॅमची जागा असते, घरातल्या कोंडलेल्या हवेत तीही नसते. तुमच्या आईंना जे जमत होतं त्याचं गुपितही बरंचसं यातच आहे. चाळीत छताजवळ आडव्या दांड्या टांगलेल्या असायच्या, लांब काठीने त्यावर लुगडी सरकवायची. पुढचं दार गॅलरीत दिवसभर उघडं, मागे स्वयंपाकघराची खिडकी उघडी, त्यामुळे वारा घरातून आरपार जायचा. शिवाय कपडे कमी होते आणि पातळ होते. जाड टर्किश टॉवेल, जीन्स, हुडवाले टीशर्ट नव्हते. तुमच्या फ्लॅटला एकच दर्शनी दार, आणि तेही बंद. आईंशी तुलना करून स्वतःला दोष देऊ नका, तुमचं घर वेगळं आणि तुमच्या बादलीतले कपडेही वेगळे आहेत.

कोकणातल्या घरांत निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताचं डालं उपडं घालून त्यावर बाळाची दुपटी वाळवायचे, हे तुमच्या घरातलं कुणी वडीलधारं माणूस सुचवेल. कौलारू घरात धूर आणि वायू कौलांतून निघून जायचा. फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. गॅसच्या शेगडीवर दोरी बांधून मोजे-रुमाल वाळवणंही नको.

आता बिलाविषयी. ३०० ओलांडलं की सगळंच बिल महागड्या दराने लागतं, असं तुम्ही धरलंय. तसं नसतं. महावितरणच्या घरगुती बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात, आणि वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. ३१० युनिट झाले तर चढा दर शेवटच्या १० युनिटांना. दर किती ते तुमच्या बिलावर छापलेलं असतं, एकदा शांतपणे बघा. टप्प्याचा धाक मनातून गेला की निर्णय सोपा होतो.

मग तुमची सध्याची पद्धत किती वीज खाते? साधा छताचा पंखा ७५ वॉटचा. दोन पंखे निव्वळ कपड्यांसाठी बारा तास चालले तर दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. त्यात वास आला म्हणून पुन्हा धुणं, ओलसर कपडे इस्त्रीने सुकवणं, हे वेगळं. साध्या ड्रायरला पाच किलोच्या एका घाण्याला ३ युनिटच्या आसपास लागतात. रोज लावला तर महिन्याला ९०, आणि फक्त टॉवेल-जीन्स-चादरींसाठी आठवड्यातून दोनदा लावला तर २५च्या आसपास. युनिटला १५ रुपये धरले तरी हे महिन्याचे पावणेचारशे होतात, तेही वर्षातले चार महिने. म्हणजे तुमचे यजमान काही उधळपट्टी सुचवत नाहीयेत, आणि आत्ताच्या पद्धतीत तुम्हाला वाटते तेवढी बचतही होत नाहीये. हे लिहिताना तुमचे कष्ट मी विसरलेले नाही. रोज दोऱ्या बांधा, कपडे उलटेपालटे करा, रात्री उठून चाचपा, हे सगळं तुम्ही एकट्या करताय असं पत्रावरून दिसतं. बचतीच्या हिशोबात तो वेळ कुणीच धरलेला नाही.

तरीही या वर्षी ड्रायर घ्या असं मी म्हणणार नाही, कारण तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या तुम्ही अजून नीट वापरलेल्याच नाहीत: मशीनचं स्पिन आणि ती ड्राय बाल्कनी.

आधी स्पिन. कपड्यातलं एक लिटर पाणी उष्णतेने उडवायचं तर निसर्गनियमानेच सुमारे पाऊण युनिट ऊर्जा लागते. तेच पाणी गरगर फिरवून बाहेर फेकायला युनिटचा किरकोळ अंश पुरतो. म्हणून पावसाळ्यात धुणं संपलं की मशीन पुन्हा फक्त स्पिनवर लावा, आणि कपड्याला चालत असेल तर सगळ्यात जास्त वेग निवडा. फ्रंट लोड मशीनला मिनिटाला १००० ते १४०० फेऱ्या मिळतात, पण बरेचजण आधीपासून ठरलेल्या ८००वरच कायम धुतात. ८००वरून १२००वर गेलात तर पाच किलो कपड्यांतून अर्धा-पाऊण लिटर पाणी जास्तीचं निघतं. टॉप लोडचा वेग कमी असतो, त्यामुळे तिथे दुसरं स्पिन आणखी गरजेचं. सेमी-ऑटोमॅटिक वापरणाऱ्यांचं या बाबतीत चांगलं चालतं, त्यांचा पिळायचा टब जोरात फिरतो. हाताने धुणाऱ्यांनी पिळलेला कपडा कोरड्या पंचात गुंडाळून वरून दाबावा, पंचा बरंच पाणी ओढून घेतो.

दुसरं, ड्राय बाल्कनी. झड येते म्हणून तुम्ही ती सोडून दिलीत, पण झड अडवता येते. ग्रिलला आतून गुंडाळता येणारा पावसाळी पडदा किंवा जाड पारदर्शक प्लास्टिक लावा, मात्र वरची फूटभर जागा उघडी ठेवा. पूर्ण झाकलंत तर पुन्हा बंद खोलीच झाली. छताला पुलीचं स्टँड बसवून घ्या, ते दोरीने खाली ओढायचं, कपडे घालायचे आणि वर चढवायचं. स्लॅबमध्ये नीट अँकर मारून घ्या, ओल्या कपड्यांचं वजन बरंच असतं. हे सगळं ग्रिलच्या आत असल्याने सोसायटीचा नियमही पाळला जातो. नियमामागची तक्रारही खरीच असते, खालच्यांच्या वाळलेल्या कपड्यांवर आपलं पाणी ठिबकतं.

मग टेबल फॅन. तो बाल्कनीत ठेवू नका, तिथे पाण्याचे शिंतोडे येतात. स्वयंपाकघराच्या दारात, कोरड्या जागी उंच स्टुलावर ठेवून त्याचं तोंड बाल्कनीकडे करा, म्हणजे हवा कपड्यांमधून जाऊन बाहेर पडेल. हॉलची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर पंख्याला ढकलायला हवा मिळणार नाही. ५५ वॉटचा टेबल फॅन सहा तास चालला तर युनिटचा एक तृतीयांश, महिन्याला १०. तुमच्या आत्ताच्या ५४ युनिटांशी ताडून पाहा. दुपारी बारा ते चार हवा सकाळपेक्षा थोडी कोरडी असते, पंखा तेव्हा चालवा. त्यासाठी कपडे सकाळीच धुऊन व्हायला हवेत. रात्री धुऊन मशीनमध्येच ठेवायचे आणि सकाळी काढायचे, हे पावसाळ्यात अजिबात नको. बाल्कनी नसलेल्यांनी न्हाणीघराचा विचार करावा. सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर फरशी पुसून घ्यायची, वर आडवा दांडा, दार किंचित उघडं आणि एक्झॉस्ट चालू. सहा इंची एक्झॉस्ट फॅन तासाला साधारण २०० घनमीटर हवा बाहेर फेकतो. वर ३ लिटरचा हिशोब केला त्याला ७५० घनमीटर हवा लागते, म्हणजे चारेक तासांचं काम.

कपडे कसे घालता यानेही फरक पडतो. जीन्स बघा: पाय वाळलेले असतात आणि कमरेचा पट्टा, खिशांच्या पिशव्या, शिवणीचा जाड कोपरा ओलाच. म्हणून जीन्स उलटी करायची, खिसे बाहेर ओढायचे, आणि पट्टा गोल उघडा राहील असे दोन-तीन चिमटे लावून पट्ट्याकडूनच टांगायची, मधून हवा जाते. शर्ट हँगरवर, वरचं बटण लावून, दोन हँगरमध्ये चार बोटं अंतर. टॉवेल दांडीवर बरोबर मधोमध दुमडून घालू नका; एक बाजू लांब, एक आखूड ठेवली की दोन थर एकमेकांना चिकटत नाहीत. बाळाची झबली-दुपटी पातळ असतात, ती वाऱ्याच्या तोंडाशी घाला आणि जाड कपडे मागे. आणि टर्किश टॉवेल चार महिने कपाटात ठेवून द्या. पंचे काढा. पंचा सकाळी वाळत घातला तर दुपारी हातात येतो, अंगही तितकंच छान पुसलं जातं. चादरीही पातळ वापरा. एका दिवशी डोंगरभर धुण्यापेक्षा रोज थोडे धुतलेले कपडे लवकर वाळतात.

कुबट वासाचंही सांगते. तो पावसाचा किंवा साबणाचा वास नसतो. कपडा खूप वेळ ओला राहिला की त्यात जिवाणू वाढतात. जपानी संशोधकांनी २०१२ साली या वासाचं खापर मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूवर फोडलं. साध्या धुण्यात तो पूर्ण जात नाही, कपडा ओला झाला की वास परत येतो. तेव्हा जे टॉवेल कायमचे वासाळलेत ते एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. मशीनला ती सोय नसेल तर कढत पाण्यात अर्धा तास भिजवा, बाळाला लांब ठेवून. साबण वाढवल्याने वास जात नाही, उलट साबण कपड्यात साचून राहतो. सॉफ्टनर टॉवेलला घालू नका, त्याच्या थराने टॉवेल पाणी टिपेनासा होतो. मशीनच्या दाराचं रबर पुसून दार उघडं ठेवत जा. धूप-कापराने वास झाकला जातो, पण दमेकऱ्याच्या खोलीत धूर नकोच.

कपाटामागचे काळे डाग कपड्यांमुळेच आले असतील असं लगेच धरू नका. भिंतीतून ओल येत असेल तर कपडे हलवूनही डाग परत येतील. एक सोपी परीक्षा करा. डागाशेजारी स्वच्छ कोरड्या जागी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय, आणि सोसायटीला बाहेरच्या गिलाव्याबद्दल लेखी कळवायला हवं. थेंब प्लास्टिकच्या बाहेरून, खोलीकडच्या बाजूला असतील तर ती घरातल्या हवेची वाफ. काही झालं तरी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि डाग पुसताना तोंडाला मास्क, हातात मोजे. सासूबाई तेव्हा दुसऱ्या खोलीत असू द्या.

हे काम कुणी करायचं, याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. तरी लिहिते. तुमच्या यजमानांना ड्रायर हवाय याचा अर्थ त्यांनाही हा व्याप दिसतोय. मग सकाळी मशीनमधले कपडे काढून पुलीच्या स्टँडवर घालणं हे काम त्यांच्याकडे द्या. पंधरा मिनिटांचं आहे आणि स्टँड वर चढवायला ताकद लागते. दुपारी पंखा चालू-बंद करणं सासरे करू शकतील. वीज वाचली तर ती सगळ्या घराची वाचते.

याच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. घरात रात्री एसी लागतच असेल तर पिळलेले हलके कपडे त्याच खोलीत टांगता येतात. एसी हवेतलं पाणी काढून नळीने बाहेर सोडतो, त्यामुळे तिथे खिडकी बंदच हवी. मात्र निव्वळ कपड्यांसाठी एसी लावणं परवडत नाही. डीह्युमिडिफायरही हेच काम २०० ते ३०० वॉटमध्ये करतो, अगदी छोट्या बंद खोलीत तो चांगला चालतो. ज्यांच्याकडे हवा यायला-जायला वाटच नाही, त्यांनी ड्रायरच्या आधी त्याचा विचार करावा, कारण तो भिंतींनाही कोरडं ठेवतो. आणि इंग्लंड-जर्मनीहून लिहिणाऱ्यांनो, तुमचा हिवाळा आमच्या पावसाळ्याच्या उलटा आहे. बाहेरची ५ अंशांची हवा कितीही ओली असली तरी तिच्यात घनमीटरला ७ ग्रॅमहून कमी वाफ असते, ती घरात २० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. कपडे घरात वाळत असताना दिवसातून दोन-तीनदा खिडकी दहा मिनिटं सताड उघडा, मग लावून घ्या.

ताई, हे सगळं दोन-तीन आठवडे करून बघा. शक्य असेल तर दोन-चारशे रुपयांचं आर्द्रतामापक हॉलमध्ये टांगा. दोऱ्या काढल्यावर त्यावरचा आकडा उतरला पाहिजे. सासूबाईंचा इनहेलर किती वेळा लागतोय याकडेही लक्ष ठेवा आणि घरातल्या बुरशीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना सांगा. एवढं करूनही रात्री कपडे ओलेच राहिले आणि ते पुन्हा हॉलमध्ये आणायची वेळ आली, तर संकोच न करता ड्रायर घ्या, फक्त जाड कपड्यांसाठी. घेताना एवढं पाहा. सगळ्यात स्वस्त असतो तो गरम ओली हवा नळीने बाहेर सोडणारा, त्याची नळी बाल्कनीतून बाहेर काढावीच लागते, नाहीतर ती सगळी वाफ घरात येईल. हीट पंपवाला, म्हणजे तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणारा, किमतीला बराच महाग, पण वीज जवळपास निम्मी घेतो. वर्षातून चारच महिने वापरणाऱ्याची ती किंमत वसूल व्हायला फार काळ लागतो. धुणं आणि वाळवणं एकातच असलेल्या मशीनमध्ये जितके कपडे धुतले जातात तितके एका वेळी वाळत नाहीत, ८ किलो धुणाऱ्यात ५ किलोच वाळतात असं सर्रास असतं, तो आकडा दुकानात विचारून घ्या. आणि ड्राय बाल्कनीत १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे मशीन घरात येण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.